आड येणारी फांदी

"...मग आरोपी कोण, बाबा? एवढंच सांगा."

उन्मेष कारखानीस कॅमेऱ्याचा छोटा पडदा गुलाबशाह फकिरांच्या डोळ्यांपुढे धरून बसला होता.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. वैशाखातलं ऊन, पडद्यावर धड काही दिसत नव्हतं.

"काय आहे हे?"

"घरटं. बुलबुलाचं. तुमच्या खोलीच्या मागे, लिंबोणीच्या झुडपात. सकाळी सापडलं."

"छान आहे."

"छान?" उन्मेष हसला. "नीट बघा. काडी एक तर कचरा चार. ही चंदेरी चमकी तुमच्या पिराच्या कबरीवरच्या चादरींची. हा प्लास्टिकचा दोरा हारांचा. आणि ही लाल पट्टी गुटख्याच्या पुडीची. अशा घरात जन्माला आलीत ती पिल्लं."

"तिनं आणलं?"

"कुणी?"

"आईनं."

"आणलं तिनंच. पण टाकलं कुणी?"

बाबांनी पडद्यावरून नजर काढली आणि रांजणातून पेलाभर पाणी घेऊन त्याच्या पुढे ठेवलं.

उन्मेषला पाणी नको होतं. त्याला उत्तर हवं होतं.

बाबांचा तो तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं, तसं फार काही नव्हतं. परभणीकडच्या माळावर एका पिराची पांढरी कबर, शेजारी फकिराची पत्र्याची खोली, अंगणात जुना कडुनिंब, त्याच्या सावलीत एक फरशी. फरशीवर गुलाबशाह बसत. गुरुवारी माणसं येत, कबरीवर हिरवी चादर घालत, बाबांपुढे आपलं गाऱ्हाणं ठेवत. बाबा ऐकून घेत. बहुतेकांना तेवढंच हवं असे, त्यामुळे ती समाधानाने घरी जात.

उन्मेषला तेवढं पुरत नसे. तो पुण्याचा. निसर्गाचे फोटो काढण्यात त्याचं मोठं नाव होतं, आणि ते नाव त्याच्या स्वतःच्या कानावरही वारंवार पडत असे. माणसाने निसर्गाचं काय करून ठेवलंय हे दाखवायचं, हा त्याचा ध्यास. नदीवरचा विषारी फेस, जाळ्यात अडकून मेलेला बगळा, अर्धा पोखरलेला डोंगर, बिस्किटाचा पुडा फाडणारं माकड... लोक त्याच्या फोटोंपुढे उभे राहत आणि मान खाली घालून बाहेर पडत. त्या खाली गेलेल्या माना पाहायला तो दारापाशी उभा राहायचा. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं.

पुढच्या महिन्यात त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं प्रदर्शन होतं. नाव ठरलं होतं, 'आरोपी'.

"माझ्या एकाही फोटोत माणूस नाही, बाबा," तो म्हणाला. "फक्त त्याने केलेलं दिसतं."

"आणि काढणारा?"

"तो फोटोत नसतो."

"मग कुठं असतो?"

"मागे. बाजूला. तो साक्षीदार असतो."

"हं..."

या 'हं'चा उन्मेषला राग यायचा. पण तो इथे येत राहिला होता, कारण जिथे शिष्य व्हायला गेला तिथे लगेच त्याला शिष्य करून घेतलं नाही, अशी ही एकच जागा होती. दर खेपेला तो दोन गोष्टी मागायचा. एक म्हणजे, मला तुमचा शागीर्द करून घ्या. बाबा म्हणत, बघू. दुसरी म्हणजे, तुमचा एक फोटो काढू द्या. त्यावर बाबा म्हणत, या थोबाडात काय ठेवलंय.

म्हाताऱ्याचा चेहरा मात्र फोटो काढावा असाच होता. मिशीदाढी पांढरी, कातडी काळी आणि सुरकुतलेली, डोळे निवांत. उन्मेष त्या चेहऱ्याकडे हलवायाच्या दुकानापुढच्या मुलासारखा बघायचा.

"फोटो चांगला आलाय," तो पुन्हा पडद्याकडे पाहत म्हणाला. "पण अजून हवा तसा नाही. घरटं अंधारात आहे. चमकी चमकत नाही. ती चमकली पाहिजे, बाबा. लोकांच्या डोळ्यांत खुपली पाहिजे."

"लोकांच्या..."

"हो. त्यांना कळलं पाहिजे."

तो उठला. मागे जाताना वाटेत शेवंताबाईंची गाडी लागली. फाटकापाशी त्या हार, अगरबत्त्या आणि चादरी विकत. नवरा गेल्यापासून त्यांचा तोच उद्योग. चादरींच्या काठांना चंदेरी चमकी लावलेली असायची आणि वाऱ्याने ती सुटून अंगणभर उडायची.

उन्मेष थांबला.

"हे तुम्हीच विकता ना?"

"व्हय, सायेब. देऊ का एखादी?"

त्याने पडदा त्यांच्यापुढे धरला.

"ही तुमची चमकी. पिल्लांच्या गळ्यात अडकली तर मरतील ती. माहिती आहे?"

शेवंताबाईंनी वाकून पाहिलं. त्यांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं, तशा त्या ओशाळल्या.

"लोकं मागायलेत, सायेब... म्या काय करू?"

"लोक विष मागतील. द्याल?"

त्यांनी लटकवलेल्या चादरी गोळा केल्या आणि गाडीखालच्या खोक्यात कोंबल्या. मान खाली घालून त्या हार ओवायला लागल्या. उन्मेषने त्या खाली गेलेल्या मानेकडे क्षणभर पाहिलं आणि पुढे गेला.

लिंबोणीचं झुडूप त्याच्या छातीइतकं उंच. घरटं आत, दोन फांद्यांच्या बेचक्यात, हाताच्या ओंजळीएवढं. वरून एक दाट पानांची फांदी अगदी घरट्यावर वाकलेली. तीच आड येत होती. उजेड तिच्यामुळे अडत होता आणि लेन्सलाही ती अडवत होती.

त्याने ती आधी एका हाताने बाजूला धरून पाहिली. काटे टोचले. शिवाय एका हाताने कॅमेरा हलत होता.

त्याने पिशवीचा बाजूचा कप्पा उघडला आणि छाटणीची कात्री काढली.

या कामाला फोटो काढणाऱ्या मंडळींत 'फ्रेम मोकळी करणं' म्हणतात. करतात बरेचजण, सांगत कुणी नाही. उन्मेषचा मात्र एक कडक नियम होता, की घरट्याला हात लावायचा नाही. त्याच्या शिबिरांना येणाऱ्यांना तो हे पहिल्या दिवशी दरडावून सांगायचा. त्या दिवशीही त्याने घरट्याला बोट लावलं नाही. फांदी तेवढी कापली आणि झुडपामागे टाकून दिली.

ऊन थेट आत पडलं. चमकी लखलखली.

मग तो कामाला लागला. तिन्ही पिल्लं अजून उघडीच होती, अंगावर पिसांची नुसती कुसळं. माना ताणून त्यांनी चोची वासल्या होत्या, इतक्या की आतला लालभडक घसा दिसत होता. लाल घसे, चंदेरी चमकी, गुटख्याची पट्टी. असा फोटो वर्षातून एकदा मिळतो. बुलबुलाची मादी निंबावर बसून कलकलाट करत होती. तो त्याला ऐकू आला नाही असं नाही. पण ती फोटोत नव्हती.

बऱ्याच वेळाने तो अंगणात परतला तेव्हा घामाने निथळत होता आणि चेहरा फुलला होता.

"बाबा! आता बघा."

बाबांनी पाहिलं. या खेपेला त्यांनी पडदा स्वतःच्या हाताने सावलीत नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"पहिल्या फोटोत पानं होती."

"आड येत होती."

"मग?"

"काढली."

"पानं?"

"फांदी. एवढीशी होती, बाबा. घरट्याला हातसुद्धा लावला नाही मी."

बाबांनी पडदा आणखी जवळ घेतला.

"ही तोंडं का उघडलीत?"

"भूक लागलीय. बाळं आहेत ती."

"जा, बघून ये."

"आत्ता तिथूनच आलोय."

"परत जा."

उन्मेषला हसू आलं. "बाबा, इतका वेळ डोळा लावून तिथेच उभा होतो. माझ्यापेक्षा जास्त कोण बघणार?"

बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग शेवंताबाईंना खुणेने बोलावलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फुलांची वेताची टोपली गाडीवर पालथी केली, रिकामी टोपली घेतली आणि पदर सावरत खोलीमागे जवळजवळ पळतच गेल्या. झेंडूची फुलं गाडीवरून खाली घरंगळली.

उन्मेषने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तो पडद्यावर बोट फिरवून लाल घसे मोठे करून पाहत होता.

"तुला माझा फोटो हवा होता ना?" बाबा म्हणाले.

त्याने झटकन मान वर केली.

"हो! म्हणजे... देता?"

"काढ."

बाबा उठले. डोक्याला गुंडाळलेला हिरवा रुमाल सोडून फरशीवर ठेवला. अंगातला लांब झगा काढला. उघड्या अंगाने, काठी न घेता, निंबाच्या सावलीतून बाहेर पडले आणि अंगणाच्या मधोमध तापल्या मातीवर मांडी घालून बसले.

"इथे?" उन्मेष म्हणाला. "सावलीत बसा ना. ऊन फार आहे."

"सावलीत अंधार असतो, म्हणालास."

ते खरंच होतं. आणि खरं सांगायचं तर असा उजेड त्याला हवाच होता. डोक्यावरून पडणारं ऊन, प्रत्येक सुरकुतीत काळी रेघ, बरगड्या एकेक दिसणाऱ्या. या चेहऱ्याची त्याने फार वाट पाहिली होती.

"थोडं वर बघा, बाबा."

बाबांनी वर पाहिलं.

"डोळे उघडे."

बाबांनी डोळे उघडे ठेवले. उन्हाने त्यांतून पाणी आलं, गालावरून वाहिलं.

"वा..."

तो गुडघ्यांवर बसला. आडवा झाला. पुन्हा उठला. बाबांच्या कपाळावर घाम आला, तो त्याने टिपला. मग घाम वाळला आणि कपाळ कोरडं दिसायला लागलं, तेही त्याने टिपलं. ओठांवर पांढरी साय धरली. छाती भराभर हलायला लागली.

"झालंच, बाबा. दोन मिनिटं."

फाटकापाशी एक म्हातारे गावकरी सायकल लावून उभे राहिले होते. त्यांनी हे पाहिलं आणि हाक दिली, "ओ भाऊ, काय करायलात? म्हातारं माणूस हाय ते!"

"मीच बसलोय," बाबा म्हणाले. आवाज फाटका आला.

उन्मेषने त्या गावकऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मधे बोलणारी माणसं त्याला खपत नसत. त्याने लेन्स जवळ आणली. पडद्यावर आता नुसता चेहरा होता.

मग बाबांनी मान ताणली.

मान ताणली, तोंड उन्हाकडे केलं आणि तोंड उघडलं. आणखी उघडलं. शब्द नाही, आवाज नाही. नुसतं वासलेलं तोंड, आतला लाल घसा, आणि आत-बाहेर होणारा श्वास.

उन्मेषने बटण दाबलं.

दाबून झाल्यावर त्याने कॅमेरा खाली घेतला आणि सवयीने पडद्यावर पाहिलं, फोटो कसा आलाय ते.

तो पाहत राहिला.

मग त्याचं बोट आपोआप मागे सरकलं. बाबांचे फोटो संपले. त्याच्या आधीचा फोटो आला. ताणलेल्या माना. वासलेल्या चोची.

पुढे. मागे. पुन्हा पुढे.

"बाबा..." तो म्हणाला. "ती भूक नाही."

बाबांनी तोंड मिटलं नाही.

त्याला लाज वाटली. लाज वाटते म्हणजे माणसाचं काय होतं, हे तो इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहत आला होता. स्वतःला वाटते तेव्हा ती आधी कानांत चढते, कान पेटतात, आणि मग कुठे पाहावं ते कळत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पिल्लं उन्हाने भाजत होती हे उशिरा कळलं याची लाज वाटलीच. पण त्याहून एक गोष्ट त्याला सहन होईना. समोर एक म्हातारा माणूस उन्हात तडफडत होता, आणि आपण बटण दाबलं. गडबडीत नाही, चुकून नाही. उजेड चांगला होता म्हणून.

"उठा, बाबा. उठा ना."

त्याने त्यांच्या काखेत हात घातला. बाबांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. सायकलवाले गावकरी धावत आले. दोघांनी मिळून त्यांना निंबाखाली आणलं. गावकऱ्याने रांजणातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, मग पाजलं, आणि उन्मेषकडे असं पाहिलं की त्याने मान फिरवली.

"मला काय बघतोस?" बाबा ओल्या दाढीतून म्हणाले. "मला पाय आहेत."

उन्मेष पळाला.

लिंबोणीपाशी शेवंताबाई उभ्या होत्या. दोन्ही हात वर करून त्यांनी रिकामी टोपली घरट्यावर धरली होती. स्वतः भर उन्हात. हात दुखून थरथर कापत होते, घाम हनुवटीवरून गळत होता, डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

"द्या, मी धरतो."

त्यांनी टोपली दिली. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

टोपलीच्या सावलीत त्याने आत पाहिलं. दोन पिल्लं श्वास घेत होती. सगळ्यात लहान होतं ते बाजूला मान टाकून पडलं होतं.

"हे...?"

"म्या आले तवाच त्यानं मान टाकली व्हती," शेवंताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "हललंच न्हाई मग."

त्याने टोपली आणखी खाली धरली.

"चमकी तर माझीच हाय त्यात," त्या म्हणाल्या. "ते काय खोटं न्हाई. उद्यापासनं बिनचमकीच्या आणते. लोकं कुरकुरतील, कुरकुरू द्या."

त्यांनी ते भाजी आणायला सांगावं तसं सांगितलं आणि पदर डोक्यावर घेतला. उन्मेषला वाटलं, आपल्याला इतकं सरळ का बोलता येत नाही. 'फांदी मी कापली' हे चारचौघांत म्हणायचा त्याला अजून धीर होत नव्हता.

निंबावर मादी कलकलत होती. चोचीत हिरवी अळी. जवळच्या तारेवर येऊन बसायची, या दोघांना पाहून पुन्हा उडायची.

"ती का येत नाही?"

"तुमाला बघून."

"पण मी हललो तर ऊन लागेल त्यांना."

"व्हय."

"आणि थांबलो तर ती येणार नाही."

"व्हय की."

तो तसाच उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या अंगाचं करायचं काय ते कळेना. मागे नाही, बाजूला नाही, नाहीसं होता येत नाही...

शेवंताबाईंनीच झुडपामागे पाहिलं. फांदी पडली होती, पानं मलूल झाली होती, पण गळली नव्हती. त्यांनी ती उचलली. हाराचा सुती दोरा कमरेला खोचलेला होता, तो काढला.

"बांधा."

टोपली त्यांनी परत धरली. उन्मेष बांधायला लागला. काटे बोटांत घुसत होते, घामाने दोरा निसटत होता. पहिली गाठ सुटली. दुसरी शेवंताबाईंनी सैल ठरवली आणि पुन्हा बांधायला लावली. कापलेलं टोक राहिलेल्या खुंटावर ठेवताना दोन्हींवरचा पांढरा ओला काप समोरासमोर आला. अगदी स्वच्छ काप होता. कात्री चांगलीच होती.

फांदी घरट्यावर वाकली. पहिल्यासारखी नाही, थोडी तिरकी. पण सावली पडली.

ती दोघं मागे सरली आणि निंबाखाली आली. बाबा फरशीवर बुंध्याला टेकून बसले होते, ओला रुमाल डोक्यावर. गावकरी त्यांना वारा घालत होते. तिथून खोलीच्या कडेने झुडपाचा वरचा भाग आणि बांधलेली फांदी तेवढी दिसत होती, आणि मान वाकडी केली तर पानांमधून घरट्याचा काठ.

उन्मेष बाबांच्या पायांशी बसला. फरशीवर नाही, मातीत.

"एक मेलं, बाबा."

बाबांनी डोळे मिटले.

"मी हे सगळं सोडून देतो," उन्मेष म्हणाला. "प्रदर्शन रद्द. कॅमेरासुद्धा पुन्हा हातात धरणार नाही."

"हं."

"खरंच सांगतो."

"आणखी कुणाला सांगणार?"

"म्हणजे?"

"सोडल्याचं. कुणाकुणाला सांगणार?"

कुणाला सांगायचं ते उन्मेषच्या मनात येऊन गेलं होतं. कसं सांगायचं तेसुद्धा. ऐकणाऱ्यांचे गंभीर चेहरेही त्याने पाहून घेतले होते. एवढ्यात, मातीत बसल्या बसल्या. त्याचे कान पुन्हा पेटले.

शेवंताबाई खाली सांडलेले झेंडू वेचत होत्या. त्या एकदम थांबल्या.

"आली..."

मादी तारेवर होती. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. झुडपाच्या टोकावर उतरली. बांधलेल्या फांदीकडे तिने मान वाकडी करून पाहिलं, दोऱ्याला एक टोच मारली, आणि उडून गेली.

उन्मेषने श्वास रोखला.

ती परत आली. या वेळी थेट आत शिरली. दोन चोची वर आल्या. तिने अळी एकीला दिली. उडाली, पुन्हा काहीतरी घेऊन आली. दुसरीला दिलं. पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि ते तिने तिसऱ्यापुढे धरलं.

तिसरी चोच उघडली नाही.

ती धरून राहिली. थोडी मागे सरकली, पुन्हा पुढे केलं. निंबाखाली कुणी हललं नाही. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग तिने तो घास दोघांपैकी एकाला दिला आणि उडून गेली.

उन्मेष रडत होता. आवाज न करता, गुडघ्यात तोंड घालून. कॅमेरा गळ्यात लोंबत होता आणि हुंदक्यांबरोबर छातीवर आपटत होता.

बाबांनी हात लांब करून कॅमेऱ्याला एक बोट लावलं.

"परत येईल ती."

"हो."

"काढ फोटो."

उन्मेषने चमकून वर पाहिलं. त्याला वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ओठ अजून फुटलेले होते.

"तुम्ही मला हे सांगता? आज?"

"काढ."

"नाही, बाबा. नाही काढता येणार."

"का?"

त्याला ते म्हणायला वेळ लागला. शेवंताबाई तिथे होत्या, गावकरी होते. कुणीच मान खाली घातलेली नव्हती, सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"फांदी मी कापली," तो म्हणाला. "मला लाज वाटते."

तारेवर मादी येऊन बसली होती. चोचीत काहीतरी होतं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग लाज वाटतेय तोवर काढून घे फोटो, बेटा."